फणसाची मूठ आणि डावा हात

आमच्या पाचजणांत एक रीत आहे. आषाढात पाऊस अंगणातून हलायचं नाव घेत नाही, तेव्हा चिठ्ठ्या काढायच्या. ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी खंडेनवमीपर्यंत एक सुरी करायची आणि कोणासाठी करतोय ते कुणालाच सांगायचं नाही. पातं नऊ इंचांच्या आत, आणि पाणी देण्यापासून (म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करण्यापासून) मूठ बसवण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हातचं. पूजेला पाचही सुऱ्या पाटावर मांडायच्या, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं, आणि मग ज्याची त्याने उचलायची. सुरी हातोहात दिली की वितुष्ट येतं असं माझी आई म्हणायची, मी ते आजही पाळते. उचलणारा पाटावर एक रुपया ठेवतो.

मी गोव्यात फोंड्याजवळ राहते, शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. गुरं गेल्यावर गोठा रिकामा झाला, तिथे माझी भट्टी, रेल्वेरुळाच्या तुकड्याची ऐरण आणि एक छोटा बेल्ट ग्राइंडर आहे. आमच्यातले वडीलधारे म्हणजे डिचोलीचे भाई, खाणीवरच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मग म्हापशाचा तरुण मुलगा, मडगावचे सुतारकाम करणारे काका आणि पेडण्याचा काजूचा बागायतदार.

माझं बरंचसं पोलाद भाईंच्या ओळखीने येतं. २०१८ साली खाणी पुन्हा बंद पडल्या आणि डिचोली-साखळीकडे खनिज वाहणारे टिपर ट्रक दारोदार उभे राहिले. काही भंगारात गेले. त्यांचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, सुरी करणाऱ्याला सोनंच. त्या पोलादात ०.६ टक्क्याच्या आसपास कार्बन असतो, तेलात छान पाणी घेतं, आणि पातं आपटलं तरी सहसा तुटत नाही. ज्या पाट्याने वर्षानुवर्षं खनिज वाहिलं त्याची सुरी माझ्या ओट्यावर कांदा चिरते, याचा मला फार आनंद होतो.

आता आवडीनिवडींचं. या बाबतीत आमचं कधीच एकमत होत नाही, आणि होऊ नये असंच मला वाटतं.

म्हापशाच्या मुलाला जाड पातं लागतं, पाठीला पाच मिलिमीटर, फुल टँग, म्हणजे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी १९७६ साली स्थापन झाली, तिची परीक्षा त्याला तोंडपाठ आहे. लोंबता एक इंची दोर एका घावात कापायचा, लाकडी फळी तोडायची, त्याच धारेने हातावरचे केस उतरवायचे आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून नव्वद अंशांत वाकवायचं. तुटलं तर नापास. त्याने घरीच एक पातं असं वाकवून दाखवलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, कारण पाणी आणि उतार (कडक पातं पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा घालवणं) दोन्ही जमल्याशिवाय ते होत नाही. पण ते पातं बांगड्याच्या पोटात घालून पाहा. मांस फाटतं. बांगड्याला पाठीला दोन मिलिमीटर आणि धारेमागे कागदासारखं होत गेलेलं पातं हवं.

भाईंना स्टेनलेस लागतं आणि त्यावर आरशासारखी झिलई. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. गोव्याच्या दमट हवेत साधं पोलाद रात्रीतून तांबूस होतं. १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीने क्रोमियम घातलेलं पोलाद केलं, ते जणू आपल्या किनाऱ्यासाठीच केलं असं भाई मनापासून मानतात. पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि गंजाला आत शिरू देत नाही. जुलैत माझी साध्या पोलादाची काळी पाती पुसून पुसून मी थकते, तेव्हा मलाही ते पटतं.

तरी मला काळंच पातं आवडतं. त्याचं मूळ आमच्या आदोळीत, म्हणजे विळीत आहे. आई एक गुडघा उभा करून बसायची, पाय लाकडावर, पातं आपल्याकडे तोंड करून स्थिर, आणि मासळी दोन्ही हातांनी पात्याकडे जायची. ते पातं कधी चमकलेलं मी पाहिलं नाही. आमसुलं, कैरी, आंबट बिंबलं, सगळ्यांचे डाग घेऊन ते निळसर काळं झालं होतं, आणि तो काळेपणाच त्याला तांबड्या गंजापासून राखायचा. मी नवी सुरी केली की पहिल्या दिवशी तिच्यावर बिंबल चिरते. रस लागतो तिथे आधी पिवळट ओघळ दिसतो, मग राखाडी, मग उजेडात तिरकं धरलं तर मोरपिसासारखी निळाई. पुसायचं, खोबरेलाचं बोट फिरवायचं, ठेवून द्यायचं. महिनाभरात पात्यावर त्या घरच्या जेवणाचा रंग चढतो. झिलईच्या पात्याकडून मला हे मिळत नाही.

आणि मूठ फणसाची. मडगावचे काका शिसव सोडून दुसऱ्या लाकडाला हात लावत नाहीत, त्यांचं काम देखणं असतं. पण फणस कापताना जो हळदीसारखा पिवळा निघतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत मधासारखा तपकिरी होत जातो, तो मला घरातल्या माणसासारखा वाटतो. वार्निश नको, नुसतं तेल. ओल्या हातातही तो निसटत नाही.

मूठ बारीक हवी, हा माझा हट्ट. चार वर्षांपूर्वी भाईंनी माझ्यासाठी केलेली सुरी अप्रतिम होती, म्हशीच्या शिंगाची मूठ, सांधा नखाला लागणार नाही असा. पण मूठ जाड होती. दोन किलो सुंगटं (कोळंबी) सोलून झाल्यावर माझ्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. मी आठवडाभर विचार केला आणि त्यांना सांगितलं. आमच्यात हे सांगावंच लागतं, नुसतं ‘छान आहे’ म्हणून सुरी कपाटात ठेवणं हा करणाऱ्याचा अपमान आहे. भाई म्हणाले, “बाय, आधी का नाही सांगितलंस?” आणि अंगणातल्या ओल्या मातीचा गोळा माझ्या हातात दिला. “सुरी धरतेस तशी दाब.” तो गोळा त्यांनी वाळवला आणि त्यावरून मूठ पुन्हा घडवली. ती सुरी आज माझ्या ओट्यावर रोज असते, स्टेनलेस असूनही.

यंदा माझ्या चिठ्ठीत पेडण्याचा बागायतदार आला. मला वाटलं, सोपं आहे. तो काजूची कलमं बांधतो, तेव्हा कलमाची सुरी. कोवळ्या रोपावर बांधायच्या मृदुकाष्ठ कलमाला काडी साधारण पेन्सिलीएवढ्या जाडीची असते, तिच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची आणि रोपाच्या चिरेत बसवायची. तासणं एका ओढीत झालं पाहिजे. करवतीसारखं मागेपुढे केलं की पृष्ठभाग खवल्यांचा होतो आणि सांधा धरत नाही. म्हणून या सुरीचं पातं एकाच बाजूने घासलेलं असतं, दुसरी बाजू सपाट. सपाट बाजू काडीवर टेकते आणि काप सरळ जातो.

यासाठी पाट्याचं पोलाद नको होतं, जास्त बारीक धार धरणारं हवं होतं. जुन्या बेअरिंगची कडी मिळाली. त्यात १ टक्क्याच्या आसपास कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतं. कडी तापवून उलगडली, ठोकून सपाट केली, घासली. तापलेल्या पात्याला लोहचुंबक चिकटेनासं झाल्यावर आणखी थोडी लाली चढू दिली आणि कोमट शेंगदाणा तेलात पाणी दिलं. मग ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा, पातं गवताच्या काडीच्या रंगाचं होईपर्यंत. पातं सरळ राहिलं. मी खूष होते.

चतुर्थी झाल्यावर सगळे माझ्याकडे जमले होते. मी पाहत होते, तो अळूची देठं सोलत होता, त्याला तीन वर्षांपूर्वी मिळालेल्या सुरीने. डाव्या हाताने. सुरी एका बाजूला ओढ घेत होती आणि तो मनगट वाकवून तिला वाटेवर आणत होता, इतक्या सवयीने की त्याच्या ध्यानातही नसावं. आम्ही इतकी वर्षं त्याच्यासाठी सुऱ्या करतोय. एकानेही हात पाहिला नव्हता, आणि तो कधी बोलला नव्हता.

माझं तयार पातं उजव्या हाताचं होतं. कडक झालेल्या पात्याची बाजू बदलता येत नाही, कारण सपाट बाजू घासायला धातूच उरत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. वाईट वाटलं ते पात्याचं नाही, आठ-नऊ वर्षांत त्याने किती कलमं मनगट वाकवून तासली असतील त्याचं. दुसऱ्या दिवशी त्याच बेअरिंगची दुसरी कडी तापवली. यावेळी घासताना प्रत्येक फेरीला थांबून पातं डाव्या हातात धरून बघत होते. हाताची सवय इतकी पक्की असते की दोनदा मी चुकीची बाजू पट्ट्याला लावणार होते. मूठ फणसाची केली, तेवढी माझी आवड ठेवली, पण डाव्या तळव्यात भरेल अशी, एका बाजूला किंचित पोटाची.

खंडेनवमीला त्याने ती उचलली, रुपया ठेवला आणि काही न बोलता मागच्या परसात गेला. आम्हीही पाठोपाठ गेलो. त्याने माझ्या काजूची एक काडी घेतली, एक ओढ, उलटवून दुसरी ओढ. पाचर उजेडात धरली. काप ओल्या काचेसारखा दिसत होता. मनगट सरळ होतं.

“ताई, ही डाव्याची आहे,” तो म्हणाला. मी मान हलवली.

त्याने आणखी तीन काड्या तासल्या. मग पाठीवर अंगठा फिरवत म्हणाला, “इथे कड बोचते. दिवसाला दोनशे कलमं असली तर अंगठा सोलेल.”

बरोबर होतं. धारेत जीव ओतताना पाठीच्या कडा मी तशाच सोडल्या होत्या. कडक पात्यावर कानस नुसती घसरते, म्हणून निसणा, धार लावायचा दगड, आणला, पाण्यात बुडवला आणि पडवीच्या पायरीवर बसून कडा गोल करायला लागले. आत पानं वाढली होती. तो माझ्या शेजारी बसला, दर थोड्या वेळाने डावा अंगठा पाठीवर ठेवून बघायचा आणि सुरी परत माझ्यापुढे पायरीवर ठेवायचा.