तळ दिसणारे पाणी

कॅरिबियन समुद्रात उतरताना मला पहिला अडथळा आला तो माझ्याच मिशीचा. मास्कची सिलिकॉनची कड चेहऱ्याला सगळीकडून घट्ट चिकटली तरच पाणी बाहेर राहते, आणि चाळीस वर्षे राखलेली माझी मिशी नेमकी त्या कडेखाली येत होती. दोनदा पाण्यात तोंड घातले, दोनदा नाकापर्यंत खारे पाणी भरले. आमच्या मेक्सिकन मार्गदर्शकाने शांतपणे एक डबी काढली, त्यातले व्हॅसलीन बोटावर घेतले आणि लग्नात नवरदेवाला हळद लावावी तितक्या मनापासून माझ्या मिशीला चोपडले. बोटीवरची सतरा-अठरा माणसे पाहत होती. आमच्या सौभाग्यवती सगळ्यांत आधी हसल्या.

आम्ही मूळचे सांगलीचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन मला सहा वर्षे झाली. मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात ह्यूस्टनला असतात. डिसेंबरमध्ये आम्ही दोघे तिकडे गेलो, तेव्हा मुलाने गॅल्व्हेस्टन बंदरातून निघणाऱ्या क्रूझची तिकिटे आधीच काढून ठेवली होती. मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागेल या काळजीने मी कागदांची फाइल तयार केली होती; पण अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोला तेवढा पुरतो, असे समजल्यावर ती फाइल बॅगेतच राहिली. फक्त क्रूझ संपवून पुन्हा अमेरिकेत शिरायचे असते, त्यामुळे तो व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. जहाजाबद्दल मी फारसे लिहीत नाही. तरंगते लग्नकार्यालय म्हटले की वाचकांना कल्पना येईल. पंगत उठतच नाही.

दोन रात्री आणि मधला एक पूर्ण दिवस समुद्रात काढून आम्ही कोझुमेलला पोहोचलो. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाच्या पूर्वेला असलेले हे बेट सुमारे ४८ किलोमीटर लांब आणि १६ किलोमीटर रुंद आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यालगत प्रवाळांच्या रांगा आहेत. युकातानच्या टोकापासून बेलिझ आणि ग्वातेमालावरून थेट होंडुरासच्या बेटांपर्यंत जाणाऱ्या सुमारे १,००० किलोमीटर लांबीच्या प्रवाळरांगेचा त्या एक भाग आहेत. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफनंतर जगात हिचाच क्रमांक लागतो. कोझुमेलच्या रांगांतला मोठा पट्टा १९९६ साली सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखीव झाला. आपल्याकडे मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास स्नॉर्कलिंग करून आलेली पुष्कळ मंडळी सांगलीत आहेत, मी मात्र कधी केले नव्हते. नळीतून श्वास घेत पाण्यावर पालथे पडून राहायचे, यात पोहणाऱ्या माणसाला काय विशेष, असे माझे मत होते.

मत असे असण्याला कारण होते. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून मी कृष्णेच्या सरकारी घाटावर पोहायला शिकलो, दुसऱ्या उन्हाळ्यात डबा सुटला, आणि पुढे आयर्विन पुलावरून पुराच्या पाण्यात मुटका मारणाऱ्या पोरांत माझाही नंबर लागला. (आता कोणाच्या नातवाने हे करू नये. आम्हीही घरी न सांगताच करत होतो.) नोकरीत तर रोज पाणीच मोजले. पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले, तेव्हा मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर रात्रंदिवस नोंदी घेत बसलो होतो. त्यामुळे पाण्याबद्दल मला कोणी काही शिकवावे, हे जरा अवघड वाटत होते.

बोट दक्षिणेकडे निघाली तेव्हा मार्गदर्शकाने नियम सांगितले. उद्यानाच्या हद्दीत प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभे राहायचे नाही, काही उचलायचे नाही आणि अंगाला सनस्क्रीन फासायचे नाही, कारण त्यातली काही रसायने प्रवाळाला बाधतात. उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घालावा. सौभाग्यवतींनी पायघोळ सलवारीसारखे काहीतरी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट सुनेकडून आधीच मिळवला होता, त्यामुळे सगळ्या बोटीत नियमात बसणारा पोशाख त्यांचाच ठरला. त्यांना पोहता येत नाही. त्यांनी नातीच्या मार्फत एकच प्रश्न विचारला, "मगरी नाहीत ना?" मार्गदर्शकाने प्रामाणिकपणे सांगितले की आहेत, पण बेटाच्या दक्षिण टोकाच्या खाजणात, इकडे प्रवाळावर येत नाहीत. त्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, मग आपलं भिलवडी काय वाईट होतं? मगरी कृष्णेतही आहेत, आणि तिथं तिकीट तरी नाही."

बोट थांबली ती कोलंबिया नावाच्या प्रवाळापाशी, जिथे त्याचा माथा पाण्याखाली पंधरा-वीस फुटांवरच असतो. येथे नांगर टाकत नाहीत. समुद्राचा प्रवाह बेटाला समांतर, बहुतेक वेळ दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. माणसे एका टोकाला पाण्यात सोडायची, प्रवाह त्यांना घेऊन जातो, आणि बोट मागून येऊन दुसऱ्या टोकाला त्यांना उचलते. नदीच्या माणसाला ही व्यवस्था लगेच पटली. घाटावरही आम्ही वरच्या अंगाला उतरून खालच्या अंगाला बाहेर पडत असू.

पटले खरे, पण जमले नाही. नदीत पोहताना डोके पाण्याबाहेर, हात सतत चालू आणि श्वास तोंडभर घेऊन कोंडलेला, अशी पन्नास वर्षांची सवय अंगात मुरलेली. इथे हात वापरायचेच नव्हते, मान सैल सोडायची होती, आणि श्वास कोंडण्याऐवजी नळीतून लांब, सावकाश, सतत चालू ठेवायचा होता. मी दोन हात मारले, नळीचे टोक पाण्यात बुडाले, आणि भरलेल्या नळीतून मी समुद्र प्यालो. "देस्पासियो, देस्पासियो," मार्गदर्शक म्हणत होता. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ हळू. जोरात फुंकून नळीतले पाणी कसे उडवायचे, हे त्याने तिसऱ्यांदा दाखवले. एवढ्यात शेजारून लाइफ जॅकेट घातलेल्या सौभाग्यवती, एका हाताने सुनेचा हात धरून, ओढ्यावर पडलेल्या पानासारख्या स्थिर तरंगत पुढे निघून गेल्या. त्यांना पोहण्याची सवयच नव्हती, त्यामुळे मोडायचेही काही नव्हते.

पाचेक मिनिटांनी माझाही श्वास ताळ्यावर आला आणि मग मी खाली पाहिले.

हे कसे लिहावे ते मला अजून नीट सुचत नाही. मी आयुष्यभर पाण्यात होतो, पण पाण्यातून पाहिले असे कधी झाले नव्हते. कृष्णेत उन्हाळ्यातसुद्धा डोळे उघडले तर हिरवट धुके, आणि पावसाळ्यात तर स्वतःचा हात दिसत नाही. येथे वीस फूट खालच्या वाळूवर माझी सावली पडली होती. हात हलवला की तीही हात हलवत होती. क्षणभर उंचावरून लोंबकळत असल्यासारखे पोटात गोळा आला. मास्कमधून पाहताना पाण्यातल्या वस्तू असतात त्यापेक्षा जवळ आणि सुमारे एक तृतीयांश मोठ्या दिसतात, ते मला ठाऊक होते, तरीही समोरच्या माशाला बाजूला सारायला मी हात पुढे केला आणि तो तिथे नव्हताच.

इतके नितळ पाणी का, याचे उत्तर मी रात्री मुलाच्या मदतीने शोधले, आणि गाळात नोकरी गेलेल्या मला ते फार आवडले. कोझुमेल बेट आणि समोरचा युकातानचा प्रदेश चुनखडीचा आहे. पडलेला पाऊस सच्छिद्र खडकातून सरळ खाली मुरतो आणि भूगर्भातल्या विवरांतून वाहतो. जमिनीवर वाहणारी नदी जवळपास नाहीच. नदी नाही म्हणून माती वाहून आणणारे कोणी नाही. शिवाय उष्ण समुद्राच्या वरच्या थरात पोषक द्रव्ये कमी असल्याने पाणी गढूळ करणारी सूक्ष्म वनस्पतीही कमी. थोडक्यात, आमच्या मळीच्या जमिनी पिकवणारा तो सगळा गाळ येथे नाही, आणि प्रवाळाला तो नकोच असतो, कारण त्याच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला ऊन लागते. गढूळ पाण्यात प्रवाळ उपाशी मरतो.

खाली मेंदूच्या वळ्यांसारखे गोल प्रवाळ होते, जांभळे जाळीदार पंखे प्रवाहाबरोबर एकाच बाजूला कलून पुन्हा उभे राहत होते, आणि अंगावर काळे उभे पट्टे असलेले पिवळसर मासे आमच्या पोटाखालून निर्धास्त जात होते. पण मला सर्वांत जास्त लक्षात राहिला तो आवाज. कान पाण्याखाली गेल्यापासून एक बारीक तडतड चालू होती, आणि अधूनमधून स्पष्ट कुटुकुटु ऐकू येई. मार्गदर्शकाने बोट दाखवले. हिरव्या-निळ्या रंगाचा, पोपटाच्या चोचीसारखे दात असलेला हातभर लांब मासा खडक खरवडत होता. आपल्या घरी कोणी शेजारी बसून भडंग खावे, तंतोतंत तसा आवाज. हा पोपटमासा खडकावरचे शैवाल खरवडून खातो, बरोबर आलेला चुना घशातल्या दातांनी दळतो आणि पुढे वाळू करून बाहेर टाकतो. माझ्या डोळ्यांदेखत त्याने मागे पांढऱ्या पिठाची एक रेघ सोडली. कॅरिबियनच्या त्या जाहिरातीतल्या पांढऱ्या वाळूचा बराच भाग अशा तऱ्हेने तयार होतो, हे नातीला कळल्यावर तिने दुपारी किनाऱ्यावर वाळूत बसण्यास साफ नकार दिला.

सगळेच काही छान नव्हते. काही गोल प्रवाळांवर पांढरे चट्टे होते आणि काही अर्धे-अधिक मरून त्यांवर करडी शेवाळ चढलेली होती. बोटीवर आल्यावर मार्गदर्शकाने सांगितले की २०१४ साली फ्लोरिडात प्रथम दिसलेला एक रोग २०१८ मध्ये मेक्सिकोच्या या किनाऱ्यावर आला. त्यात प्रवाळाचे मांस गळून पडते आणि चुन्याचा सांगाडा उघडा राहतो. आमच्या बाजूला तासगावकडे द्राक्षबागेवर डाऊनी आला की चार दिवसांत बाग कशी बसते, ते मी पाहिले आहे, म्हणून त्याच्या चेहऱ्यावरचा भाव मला ओळखीचा वाटला. फ्लोरिडात संशोधक चट्ट्यांच्या कडेला अमॉक्सिसिलिनचा मलम हाताने लावतात. आपल्याकडे घसा धरला की डॉक्टर देतात तेच औषध, समुद्रात बुडी मारून, एकेका प्रवाळाला.

यानंतर माझ्याकडून चूक झाली, ती कबूल करतो. दुसऱ्या खेपेला पालांकार नावाच्या प्रवाळावर आम्हाला कासव दिसले. बाजाच्या चोचीसारखे त्याचे तोंड होते, आणि ते एका स्पंजाचा लचका तोडून निवांत चावत होते. मग ते निघाले आणि मीही निघालो. वर जाऊन त्याने एक श्वास घेतला, मी पाहिले. पुन्हा खाली गेले, मी मागे. शिटी ऐकू आली तेव्हा डोके वर काढले, तर आमच्या गटाच्या नारंगी जॅकेटांचा पुंजका शंभरेक मीटर मागे आणि बेटाच्या उलट अंगाला मी. प्रवाहाविरुद्ध वीस-पंचवीस हात मारले, जागचा हललो नाही. त्या वेळी पुराचे जुने शहाणपण आठवले, की धारेशी भांडायचे नाही. हात वर केला आणि पडून राहिलो. बोटीने येऊन उचलले. मार्गदर्शक काही बोलला नाही. मुलगा मात्र बोलला, आणि ज्या सुरात मी त्याला लहानपणी घाटावर बोलत असे, त्याच सुरात बोलला.

शेवटचा थांबा एल सिएलो, म्हणजे आकाश, या नावाच्या उथळ वाळूपट्टीचा. कमरेएवढे पाणी आणि तळाशी ताटाएवढे नारंगी समुद्रतारे. दुसऱ्या एका बोटीवरचा तरुण फोटोसाठी एक तारा उचलू लागला, तेव्हा आमच्या मार्गदर्शकाने त्याला पाण्यातूनच असे काही सुनावले की स्पॅनिश न येताही आम्हाला सगळे समजले. तारा पाण्यातूनच श्वास घेतो. बाहेर काढणे म्हणजे त्याचे नाक दाबणे. सौभाग्यवती येथे प्रथमच जॅकेट काढून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ एकाच ताऱ्याकडे पाहत होत्या. तो एका मिनिटात बोटभर सरकला, असे त्यांचे म्हणणे आहे.

परत धक्क्यावर आलो आणि मुलाचा मोबाइल पाहून सगळ्यांची धांदल उडाली. जहाजावर साडेचारपर्यंत परतायचे होते आणि मोबाइलवर चार वीस झाले होते. आमची सहल जहाजाकडून घेतलेली नसल्याने जहाज आमच्यासाठी थांबणार नव्हते. ओल्या कपड्यांनी, हातात चपला घेऊन आम्ही पाच जण लांबलचक धक्क्यावरून पळालो. वरच्या डेकवरून लोक टाळ्या वाजवत होते. दारातल्या सुरक्षारक्षकाने घड्याळ दाखवले, तीन पंचवीस. जहाजाने गॅल्व्हेस्टनची वेळ कायम ठेवली होती आणि हे बेट हिवाळ्यात त्याच्या एक तास पुढे असते.

रात्री जेवणाच्या टेबलावर नातीने विचारले, "आजोबा, कृष्णेचा तळ कसा दिसतो?" मी म्हणालो की दिसत नाही, पण मला माहीत आहे. किती वर्षे दोरी सोडून, काठी रोवून, नंतर यंत्राने आम्ही नदीचे छेद मोजले होते. कागदी रुमाल घेऊन मी पुलाजवळचा छेद काढला, डाव्या अंगाचा चढ, मधला खोल डोह, सांगलीवाडीकडची मळी, आणि शेजारी फुटांचे आकडे. तिने तो बराच वेळ पाहिला आणि मग विचारले, "यात मासे कुठे आहेत?" पेन तिच्या आजीने मागून घेतले आणि डोहाच्या कडेला एक मगर काढली.