बंदुकीचा थर्ड पार्टी विमा

एका विमा कंपनीच्या मोटार दावे विभागात मी बत्तीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली बहुतेक वर्षे फोर्टमधल्या कचेरीत थर्ड पार्टीच्या फायली वाचण्यात गेली. विमा उतरवणारा हा पहिला पक्ष, विमा कंपनी हा दुसरा, आणि ज्याने ना हप्ता भरला ना कशावर सही केली, पण जो रस्त्याने चालताना गाडीखाली आला, तो तिसरा. आपल्या मोटार वाहन कायद्याने या तिसऱ्या माणसासाठीचा विमा सक्तीचा केला आहे. इतकेच नव्हे, तर मालकाने पॉलिसीच्या अटी मोडल्या असल्या तरी पुष्कळ प्रकरणांत न्यायाधिकरण विमा कंपनीला सांगते की आधी अर्जदाराचे पैसे भरा आणि मग ते मालकाकडून वसूल करा. याला आम्ही ‘पे अँड रिकव्हर’चा आदेश म्हणत असू. तो आला की कचेरीत नाराजी पसरे, आणि त्या नाराजीत मीही होते. निवृत्तीनंतर, युद्धक्षेत्रात खासगी लष्करी कंपन्यांच्या हातून मेलेल्या सामान्य माणसांच्या भरपाईविषयी वाचू लागले, तेव्हा त्या आदेशाची खरी किंमत मला कळली.

१६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी कंपनीच्या सशस्त्र रक्षकांनी वाहतुकीतल्या गाड्यांवर आणि माणसांवर गोळीबार केला. त्यात १७ इराकी नागरिक मारले गेले, आणि त्यांत नऊ वर्षांचा एक मुलगा होता. कंपनी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या कंत्राटावर काम करीत होती. एफबीआयच्या तपासात यांपैकी १४ जणांना मारण्याचे कोणतेही समर्थन आढळले नाही. परंतु जिथे माणसे मेली तिथल्या न्यायालयाचे दार बंद होते, कारण जून २००४ मध्ये इराकचे तेव्हाचे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी इराकींकडे सत्ता सोपवून जाण्यापूर्वी काढलेल्या सुधारित आदेश क्रमांक १७ ने परदेशी कंत्राटदारांना त्यांच्या कामाच्या संदर्भातील कृत्यांबाबत इराकी न्यायप्रक्रियेपासून संरक्षण दिले होते. अमेरिकेत खटला चालला, २०१४ मध्ये चार रक्षक दोषी ठरले आणि डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली. काही कुटुंबांनी जानेवारी २०१० मध्ये कंपनीशी तडजोड केली होती, पण तिची रक्कम जाहीर झाली नाही.

या माफीने मला संताप आला, तरी माझा मुद्दा शिक्षेचा नाही. आपल्याकडे चालक फौजदारी खटल्यातून सुटला तरी मृताच्या बायकोमुलांचा भरपाईचा दावा उभा राहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली तर कोणाची चूक हेही सिद्ध करावे लागत नाही: मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये. रक्कम अपुरी आहे, हे मी असंख्य विधवांच्या चेहऱ्यावर वाचले आहे. तरीही तिच्यामागचे तत्त्व असे आहे की ज्याने धोकादायक वस्तू रस्त्यावर आणली, त्याने तिच्या परिणामाची तरतूद आधीच करून ठेवली पाहिजे. चारचाकी गाडीला जे लागू, ते भाड्याने आणलेल्या मशीनगनला का लागू नसावे?

‘युद्धाचा विमा कोण उतरवणार?’ असे माझे जुने सहकारी विचारतात. त्याचे उत्तर अमेरिकेच्याच कायद्यात आहे. १९४१ च्या डिफेन्स बेस कायद्यानुसार परदेशात सरकारी कंत्राटावर काम करणाऱ्या कंपनीला आपल्या कामगारांचा विमा उतरवावाच लागतो, मग तो कामगार अमेरिकी असो वा तळावर स्वयंपाक करणारा भारतीय. त्याला जोडून १९४२ मध्ये आलेल्या कायद्याने अशी सोय केली की कामगाराचा मृत्यू युद्धाच्या धोक्यामुळे झाला असेल, तर विमा कंपनीने दिलेली रक्कम सरकार तिला परत करते. म्हणजे बंदूक धरणाऱ्याचा विमा ऐंशीहून अधिक वर्षे चालू आहे. ज्याच्यावर ती रोखली जाते, त्याच्यासाठी मात्र अशी सक्ती नाही. अमेरिकी सैन्याच्या चुकांसाठी असलेला परदेशी दाव्यांचा कायदाही लढाईतली हानी वगळतो आणि स्वतंत्र कंत्राटदारांची कृत्ये त्यात बसत नाहीत. इराकमध्ये लष्कर मृताच्या नातेवाइकांना सहानुभूती म्हणून साधारणपणे कमाल २,५०० डॉलर देत असे. ती रक्कम त्यांचा हक्क नव्हती, अधिकाऱ्याच्या मर्जीची बाब होती.

विम्याविना न्यायालयात जाण्याचा मार्ग किती लांब आहे, हे इराकमधल्या अबू घरेब तुरुंगाच्या दाव्यावरून दिसते. त्या तुरुंगात २००३-०४ मध्ये छळ सोसलेल्या इराकींनी सीएसीआय या अमेरिकी कंपनीविरुद्ध २००८ मध्ये अमेरिकेत दावा दाखल केला आणि तो पुढे व्हर्जिनियात चालला. कैद्यांची चौकशी करणारे काही लोक या कंपनीने पुरवले होते. कंपनीचा एक बचाव असा होता की तिची माणसे लष्कराच्या हुकमतीखाली होती, म्हणून जबाबदारी लष्कराची. हा बचाव वाचताना मला भाड्याच्या बसगाड्यांच्या फायली आठवल्या. बस एकाची, मार्ग महामंडळाचा, आणि दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवणारे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात हा घोळ मिटवला आणि सांगितले की बस भाड्याने गेली की तिचा विमाही तिच्याबरोबर जातो, आणि विमा कंपनीला हात झटकता येत नाहीत. व्हर्जिनियात मात्र तीन अर्जदारांना (त्यांत एक शाळेचा मुख्याध्यापक, एक पत्रकार आणि एक फळविक्रेता) ज्युरीचा निकाल मिळायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. प्रत्येकी ३० लाख डॉलर भरपाई आणि १ कोटी १० लाख दंडात्मक रक्कम, एकूण ४ कोटी २० लाख डॉलर. निकाल ऐतिहासिक आहे, पण सोळा वर्षे वकिलांची फौज टिकवून धरणे किती कुटुंबांना जमेल?

खासगी सुरक्षा कंपन्यांच्या २०१० च्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत असे एक कलम आहेच की कंपनीकडे मृत्यू आणि दुखापतीच्या संभाव्य दाव्यांपुरती आर्थिक क्षमता हवी, आणि त्यासाठी विमा हा एक मार्ग. पण संहिता स्वीकारणे ऐच्छिक आहे. तेच वाक्य प्रत्येक सरकारी कंत्राटाची अट व्हावे, पॉलिसीची प्रत जिथे काम चालते त्या देशात जमा असावी आणि दाव्याचा फॉर्म तिथल्या भाषेत मिळावा, एवढीच माझी मागणी आहे.

मोठ्या संख्येने दावे निकाली काढणे अशक्य आहे, असेही कोणी म्हणू नये. मुलुंडच्या आमच्या सोसायटीतले एक काका १९९० मध्ये, इराकने कुवेत बळकावल्यावर, तिथून निसटून अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने मुंबईत उतरले, तेव्हा त्यांच्याजवळ एक पिशवी होती. संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाकडे जाणारा त्यांचा फॉर्म मी भरून दिला होता. तो सरकारमार्फत गेला. कुवेत सोडावे लागले एवढेच दाखवायचे होते, आणि एकट्या माणसासाठी रक्कम ठरलेली होती, २,५०० किंवा ४,००० डॉलर. काही वर्षांनी चेक आला. “बाई, वकील न करता पैसे आले,” असे ते पेढे देताना म्हणाले होते. त्या आयोगाने इराकच्या तेलाच्या पैशातून २०२२ पर्यंत सुमारे ५,२४० कोटी डॉलर वाटले. इराकने परक्यांचे देणे असे फेडत आणले, आणि त्याच काळात निसूर चौकातली कुटुंबे परक्या देशातल्या वकिलांच्या दारात उभी होती.

माझी ही योजना एका ठिकाणी तोकडी पडते, ते ठिकाण म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या माली या देशातले मुरा हे गाव. मार्च २०२२ मध्ये तिथे मालीचे सैनिक आणि त्यांच्यासोबतचे परदेशी सशस्त्र लोक यांनी किमान ५०० जणांना मारले, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने मे २०२३ मध्ये सांगितले. ते परदेशी रशियाच्या वाग्नर या भाडोत्री सैनिकांच्या गटाचे होते, असे मानले जाते. अशा गटाची पॉलिसी कुठे शोधणार? रशियाचा फौजदारी कायदा भाडोत्री सैनिकगिरीला गुन्हा मानतो, आणि वाग्नरचा खर्च सरकारच करीत होते, असे जून २०२३ मध्ये पुतिन यांनीच सांगितले. आमच्या दाव्याच्या फॉर्ममध्ये ‘वाहनमालकाचे नाव’ असा रकाना असे. मुरातल्या अर्जदारासाठी तो मला भरायचा झाला, तर मी त्यात त्या लोकांना बोलावून घेणाऱ्या माली सरकारचे नाव लिहीन, आणि पैसे भरून झाल्यावर ते मॉस्कोकडून कसे वसूल करायचे हे त्या सरकारला ठरवू देईन.