एनएफएस अडकलं म्हणून रीबूट मारू नका

एनएफएसवरचं, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशिनच्या फाइली वापरायच्या व्यवस्थेवरचं, शेअर (सामायिक फोल्डर) गोठलं की पहिला हात रीबूटच्या बटणाकडे जातो. तो आवरा, हे माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे. अडकलेली प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, मेलेली नसते. ती उत्तराची वाट बघत असते आणि तिच्यात कुणाचं तरी बरंच काम अडकलेलं असतं.

आमच्या लॅबमध्ये एक स्टोरेज सर्व्हर आहे आणि त्याचं शेअर माउंट केलेली, म्हणजे स्वतःच्या फोल्डरसारखं जोडून घेतलेली, लिनक्सची मशिन्स आहेत. मागच्या पावसाळ्यात वीज गेली, जुना स्विच जळाला आणि रातोरात दुसरा बसवला गेला. सकाळी एका मशिनवर लोड अ‍ॅव्हरेज (चालू किंवा ताटकळणाऱ्या प्रोसेसची सरासरी) ६० च्या वर, सीपीयू मात्र जवळपास रिकामा! लिनक्स लोड मोजताना 'डी' अवस्थेतल्या, म्हणजे डिस्कच्या वाचन-लेखनासाठी (आयओ) थांबलेल्या प्रोसेसही धरतो, त्यामुळे हे चित्र दिसलं की मी थेट नेटवर्क डिस्कवर संशय घेतो. 'डीएफ' ही डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड चालवू नका. ती प्रत्येक माउंटला जागा विचारत बसते आणि तुमचं टर्मिनलही अडकतं. माउंटची यादी 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'माउंट्स' फाइलमध्ये बिनधोक वाचता येते. 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नेलच्या) संदेशांत, अपेक्षित ओळ होतीच: सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग.

"सर, किल मायनस नाइन करून परत चालवू का?" एका पीएचडीच्या विद्यार्थिनीने विचारलं, म्हणजे प्रोसेस सक्तीने मारून. तिचं मॉडेल गेले काही दिवस चालू होतं.

"अजिबात नको," म्हटलं. "ते जिवंत आहे."

पूर्वी अशी प्रोसेस मरायचीच नाही. २००८ च्या २.६.२५ कर्नेलपासून किल मायनस नाइनने ती बहुतेक वेळा मरते. पण मारता येतं म्हणून मारायचं कशाला? सन या संगणक कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस आणलं तेव्हापासूनचा विचारच असा आहे, की सर्व्हर पडला तर क्लायंटने (शेअर वापरणाऱ्या मशिनने) तीच मागणी पुन्हा पुन्हा पाठवत राहायचं. हार्ड माउंट म्हणजे हेच. 'सॉफ्ट' लावलं की ठरावीक प्रयत्नांनंतर प्रोग्रामच्या हातात एरर पडते. लिहितानाची एरर न तपासणारे प्रोग्राम थोडेथोडके नाहीत. मग फाइल अर्धवट राहते आणि ते कुणाला कळतही नाही. ही डेटा बिघडण्याची धोक्याची सूचना एनएफएसच्या मॅन पेजमध्येच दिलेली आहे. इंटरनेटवर 'हँग होतंय, सॉफ्ट लावा' असा सल्ला सर्रास मिळतो, तो वाचून मला खरंच वाईट वाटतं.

आता खरं दुखणं. पिंग, म्हणजे समोरचं मशिन उत्तर देतं का हे बघणारा छोटा निरोप, जात होता. एनएफएसचं २०४९ पोर्ट उघडं होतं. छोट्या डिरेक्टरीत फाइलींची यादी देणारं 'एलएस' चालायचं, हजारो फाइलींच्या डिरेक्टरीत अडकायचं. दोन ओळींची फाइल उघडायची, मोठी उघडायची नाही. आणि माझ्या लॅपटॉपवरून तेच शेअर व्यवस्थित चालत होतं!

लहान जातं आणि मोठं अडकतं, म्हणजे एमटीयू, एका पॅकेटचा कमाल आकार, बघायचा. सर्व्हर आणि क्लायंट दोघांवर जंबो फ्रेम्ससाठी (नेहमीच्या १५०० बाइटपेक्षा मोठ्या तुकड्यांसाठी) ९००० लावलेला होता, नव्या स्विचवर जंबो बंद होतं. एनएफएस ज्यावरून बोलतं ते टीसीपी कनेक्शन जोडताना दोघांनी एकमेकांना 'मला मोठे तुकडे चालतात' असं सांगितलेलं, त्यामुळे सर्व्हर मोठ्या फ्रेम पाठवत राहिला आणि स्विच त्या गुपचूप टाकत राहिला. मध्ये राउटर असता तर 'पॅकेट मोठं आहे' असा निरोप तरी आला असता. साधा स्विच काहीच कळवत नाही. लॅपटॉपचा एमटीयू १५०० होता, म्हणून सर्व्हर त्याच्याशी लहान तुकड्यांतच बोलत होता.

खात्री करायला एक पिंग पुरतो, फक्त तो मोठा हवा. तुकडे न करण्याचा पर्याय लावून ८९७२ बाइट पाठवायचे. आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपी (पिंगचा प्रोटोकॉल) हेडरचे ८ मिळवले की बरोबर ९००० होतात. तो गेला नाही. १४७२ चा लगेच गेला. साध्या पिंगवर विसंबून 'नेटवर्क ठीक आहे' म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून करायला लावतो.

स्विचवर जंबो चालू केलं. लगेच काही हललं नाही, आणि इथे धीर सोडायचा नाही. दर फसलेल्या प्रयत्नानंतर टीसीपी पुढच्या प्रयत्नाआधी जास्त थांबतं, लिनक्समध्ये १२० सेकंदांपर्यंत. (एनएफएस ४ चा सर्व्हर रीस्टार्ट केलात तर फाइलींवरचे जुने लॉक परत मागायला क्लायंटना वेळ द्यावा लागतो, लिनक्सवर तो सहसा ९० सेकंद असतो. तेव्हाही लोक घाबरून परत रीस्टार्ट करतात.) थोड्या वेळाने 'डीमेसेज'मध्ये सर्व्हर ओके अशी ओळ आली, लोड उतरू लागला आणि तिचं मॉडेल थांबलं होतं तिथूनच पुढे चालू झालं.

आता प्रत्येक मशिनवर दर पाच मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट माउंटवर 'स्टॅट' (फाइलची माहिती विचारणारी कमांड) करते, टाइमआउट लावून, आणि सोबत तो ८९७२ चा पिंगही. दोन्हीपैकी काही चुकलं तर मला मेल येतो. माउंट हार्डच आहे.