एका गाडीत दोन वाटाडे

दुपारची वेळ होती आणि रस्ता एका लांबलचक बोगद्यात शिरला. डॅशबोर्डवर गाडीचा स्वतःचा नकाशा चालू, त्याच्या शेजारी होल्डरमध्ये अडकवलेल्या फोनवर दुसरा. दोघांना पत्ता एकच दिलेला. आत शिरून थोडा वेळ होतो न होतो तोच फोनमधला निळा ठिपका थबकला. मग थोडा मागे सरकला. मग बहुधा त्याला वाटलं की आपण डोंगर चढायला घेतलाय, कारण तो मुख्य रस्ता सोडून बोगद्याच्या वरून जाणाऱ्या जुन्या रस्त्याला लागला, आणि फोनमधल्या बाई अत्यंत शांतपणे म्हणाल्या, "यू-टर्न घ्या." बोगद्यात! गाडीच्या नकाशातला बाण मात्र मान खाली घालून आपल्या वाटेने चालला होता. बाहेर ऊन लागल्यावर फोन शुद्धीवर आला आणि बाईंनी जणू काही घडलंच नाही अशा सुरात सांगितलं, "सरळ जात राहा."

दोन्ही नकाशे एकदम चालू ठेवायची माझी ही खोड जुनी आहे. घरच्यांना ती मुळीच आवडत नाही. "एकावर तरी विश्वास ठेव," असं अधूनमधून ऐकून घ्यावं लागतं. मी गाडीतल्या बाईंचा आवाज बंद ठेवतो, एवढीच काय ती तडजोड. कारण दोघी एकदम बोलू लागल्या आणि एक डावीकडे म्हणाली, दुसरी उजवीकडे, की मागच्या सीटवरून तिसरा सल्ला येतो आणि फाटा हमखास चुकतो.

बोगद्यात गाडीचं अडत नाही, कारण आपली चाकं किती फिरली हे तिला ठाऊक असतं, आणि आत बसवलेल्या जायरोस्कोपमुळे आपण किती वळलो हेही. आकाश दिसेनासं झालं की ती मनातल्या मनात हिशेब मांडते : इतका वेग, इतका वेळ, ही दिशा, म्हणजे आता इथे. जायरोस्कोप फोनमध्येही असतो, पण फोनला चाकं नसतात. म्हणून काही बोगद्यांत आता भिंतीवर ब्लूटूथचे छोटे बीकन, म्हणजे संकेत पाठवणारी यंत्रं, लावतात, फोनला अंधारात धीर यावा म्हणून.

हा हिशेब गाड्या उपग्रहांच्या आधीपासून करत आल्या आहेत. होंडाने १९८१ साली जपानमध्ये गाडीत बसवायचं एक यंत्र काढलं, नाव इलेक्ट्रो जायरोकेटर. त्यात हेलियम वायूवर चालणारा जायरोस्कोप होता, आणि छोट्याशा पडद्यावर पारदर्शक नकाशा हाताने बसवायचा. कुठून निघालात ते तुम्हीच त्याला सांगायचं, पुढचं तो बघून घेई. मग १९८५ मध्ये अमेरिकेत एटॅक नावाचं यंत्र आलं. त्याचे नकाशे चक्क कॅसेटवर असत. एका कॅसेटमध्ये मावेल तेवढाच मुलूख, त्यापुढे जायचं तर कॅसेट बदला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अतोनात आनंद झाला होता. नकाशाची टेप गुंतली तर पेन्सिल घालून फिरवत बसणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि गुंडाळता गुंडाळता त्याचा रस्ताच उलटा गेला तर काय, असली नसती काळजीही वाटून गेली.

आमच्या गाडीत कॅसेटवर फक्त गाणी असायची. नकाशा कागदाचा होता, आणि तो बाबांचा होता. म्हणजे वाचायची आई, पण घडी घालायचा अधिकार बाबांचा, कारण चुकीची घडी घातलेली त्यांना खपत नसे. नकाशा पूर्ण उघडला की त्याचं एक टोक खिडकीच्या काचेला टेकायचं आणि दुसरं गिअरवर यायचं. इतक्या वेळा घड्या पडल्या होत्या की चार घड्या जिथे एकत्र येत तिथला कागद झिजून भोक पडलं होतं, आणि त्या भोकात एक अख्खं गाव गेलं होतं. चहूबाजूंनी रस्ते तिथवर यायचे आणि भोकाच्या काठाशी थांबायचे. आम्ही भावंडं त्याला भोकगाव म्हणायचो. तिथे जायची आम्हाला फार ओढ. एकदा जाणं झालंही, म्हणजे बाबा म्हणाले की हेच ते. तिथे शाळा होती, दुकानं होती, रस्त्याच्या कडेला एक माणूस सायकलची साखळी बसवत होता. आम्ही काचेला नाकं लावून बघत राहिलो आणि साफ हिरमुसलो.

हातात नकाशा असूनही बाबा वाट विचारत. विचारायचं काम अर्थात आईचं. एकाला विचारून गाडी हलवायची नाही, हा नियम. दोघांना विचारायचं, दोघांचं जुळलं तर जायचं, नाही जुळलं तर पुढे तिसरा माणूस गाठायचा. मला माहीत नाही, असं कुणीही कधीही सांगितलेलं मला आठवत नाही. प्रत्येकाला ठाऊक असायचं. काही जण तोंडाने डावीकडे म्हणायचे आणि हात उजवीकडे दाखवायचे. अशा वेळी आई हाताचं ऐकायची. "तोंड चुकतं, हात नाही चुकत," असं तिचं मत होतं, आणि तिचा अनुभवही तसाच होता.

तर माझी ही गाडी मी वापरलेली घेतली. नकाशा तिच्याबरोबर आला आणि तो तेव्हाच जुना होता. मध्ये एक नवा बायपास झाला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण गाडीच्या लेखी तिथे अजून काहीच नाही. बायपासला लागलं की पडद्यावरचा रस्ता संपतो, बाण हिरव्या रंगात उतरतो आणि निर्धास्तपणे तसाच पुढे जात राहतो. वेग बरोबर, दिशा बरोबर, फक्त रस्ता नाही. खाली एक छोटी सूचना येते, रस्त्यावर परत या. मी रस्त्यावरच असतो. मग जुना रस्ता येऊन मिळाला की बाण त्यावर चढतो आणि सूचना जाते. नवीन नकाशाचं कार्ड मिळतं का म्हणून चौकशी केली होती. त्यांनी जी रक्कम सांगितली ती ऐकून मी फोनचा होल्डर विकत घेतला.

तरी आमच्या गाडीला निदान आज साल कोणतं आहे हे कळतं. जानेवारी २०२२ मध्ये होंडा आणि तिच्याच अॅक्युरा या ब्रँडच्या नेव्हिगेशन असलेल्या कितीतरी जुन्या गाड्यांची घड्याळं एकाएकी २००२ सालात गेली. लोकांनी वेळ नीट लावून पाहिली, गाडी पुन्हा चालू केली की पुन्हा २००२. कंपनीचं उत्तर मला फार भावलं : ऑगस्टपर्यंत थांबा, आपोआप ठीक होईल. रस्ता दाखवणाऱ्या यंत्राने वीस वर्षं मागे जावं आणि मालकांना सात महिने वाट बघायला लावावी, याला काय म्हणायचं!

फोन असा मागे राहत नाही, हे मान्यच करायला हवं. बायपास होऊन धूळ बसायच्या आत तो फोनमध्ये आलेला असतो. पुढे अपघात झालाय, रस्ता बंद आहे, सगळं त्याला कळतं. पण हे त्याचं स्वतःचं ज्ञान नव्हे. पुढे अडकलेल्या लोकांच्या खिशातले फोन हळू सरकतायत, एवढ्यावरून तो रस्ता लाल करतो. बर्लिनमधला सायमन वेकर्ट हा कलावंत यातली गोम ओळखून होता. त्याने ९९ जुने फोन एका हातगाडीत भरले आणि ती गाडी रिकाम्या रस्त्यावरून रमतगमत ओढत नेली. नकाशावर तो रस्ता लालभडक झाला. २०२० साली त्याने हा उद्योग जगजाहीर केला. रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि नकाशात तुंबलेली रहदारी, केवढं हे सुख!

आणि फोनच्या बाईंचा स्वभाव चंचल आहे. गाडी एकदा ठरवलेला मार्ग सहसा सोडत नाही, फोनला मात्र वाटेतच नवं सुचतं. चार मिनिटं वाचतील म्हणून तिने मला एकदा एका अरुंद गल्लीत घातलं. दोन्ही बाजूंना भिंती, आरशांना घासणाऱ्या वेली, आणि समोरून दुसरी गाडी. दोघंही थांबलो. समोरच्याच्या काचेतून त्याच्या होल्डरमधला फोन दिसत होता, त्यावर तोच निळा रस्ता, फक्त उलटा. त्यालाही बहुधा चार मिनिटं वाचवायची होती. त्याने माझ्या फोनकडे पाहिलं, मी त्याच्या. मग दोघांनी एकदम रिव्हर्स गिअर टाकला आणि दोघंही पुन्हा थांबलो. शेवटी वरच्या गॅलरीतल्या एका आजींनी हात करून कुणी मागे जायचं ते ठरवलं. हात चुकला नाही.

मोठ्या चुकांमध्ये फोनचा हात धरणारं कुणी नाही. २०१२ मध्ये अॅपलचे नवे नकाशे आले तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरा शहरी निघालेली माणसं सुमारे ७० किलोमीटर दूर, एका राष्ट्रीय उद्यानाच्या रखरखीत माळावर जाऊन पोहोचत होती. शेवटी व्हिक्टोरियाच्या पोलिसांना लोकांना सावध करावं लागलं. उड्डाणपुलावर असताना आपण वर आहोत की खालच्या रस्त्याला, याचाही फोनला नीट उलगडा होत नाही. भर उन्हात तो तापून पडदा मंद करतो. आणि नेमका फाटा समोर आला की कुणाचा तरी फोन येतो, नकाशावर त्या माणसाचा हसरा फोटो पसरतो. तोवर फाटा गेलेला असतो.

आकाशाकडे बोट दाखवण्यात मात्र अर्थ नाही. दोघंही त्याच उपग्रहांचं ऐकतात. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते बिचारे फक्त आपली वेळ आणि आपली जागा सांगत फिरतात. किमान चार जण नीट ऐकू आले की खालच्याने आपण कुठे आहोत ते काढायचं. मे २००० पर्यंत तर सामान्य लोकांच्या वाट्याला येणारा संदेश अमेरिका मुद्दाम बिघडवून पाठवत असे, त्यामुळे शंभरेक मीटर इकडेतिकडे सहज व्हायचं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ते थांबलं. म्हणजे तोवर चुकणं हे सरकारी धोरण होतं.

भाच्याला नवी गाडी घ्यायची आहे. वरच्या मॉडेलमध्ये नेव्हिगेशन येतं, घेऊ का म्हणून त्याने विचारलं. बोगदे, बायपास, चाकं, जायरोस्कोप, हे सगळं मी त्याला सविस्तर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, पांढरी घेऊ की करडी?"

त्याला एक सांगायचं राहिलं. गाडीच्या नकाशात मागील ठिकाणांची एक यादी असते, आणि वापरलेली गाडी घेतली की ती यादीही आपल्याकडे येते. माझ्या गाडीत घर असं लिहिलेलं एक बटण आहे. सुरुवातीला मी ते सहज दाबून पाहिलं तर तिने तत्परतेने एका परक्या शहराचा रस्ता आखला आणि रात्री उशिराची पोहोचण्याची वेळ दाखवली. त्याखाली यादी : एक शाळा, एक विमानतळ, आणि एक हॉस्पिटल. हॉस्पिटल तीन वेळा आहे. आधी नुसतं नाव, मग मागचं गेट, मग पलीकडच्या गल्लीतलं पार्किंग. गाडी कुठे लावायला जागा मिळते हे कळण्याइतक्या वेळा कुणीतरी तिथे जात होतं. पुढे काय झालं ते यादीत नाही. पार्किंगनंतर एकही नोंद नाही, त्यानंतर थेट माझीच ठिकाणं सुरू होतात.

सगळं पुसा, असा पर्याय तिथेच खाली आहे. घरचे म्हणतात, पुसून टाक. पुसेन कधीतरी. सध्या यादीत भरपूर जागा आहे, माझी ठिकाणं मावतात.