कॅशिअसवर मी अन्याय केला होता

रविवारी दुपारी जरा डोळा लागत होता आणि भाचीचा फोन. तिला दहावीला शेक्सपिअरचं ज्युलियस सीझर हे नाटक आहे. "मावशी, दोन कॉलम करायचेत, एकात मॅनिप्युलेटिव्ह कॅरॅक्टर्स आणि एकात लॉयल, उद्या द्यायचंय, तू लिटरेचर केलंयस ना?" केलंय म्हणजे काय, वीस वर्षांपूर्वी केलंय आणि त्यानंतर बॅलन्सशीट सोडून दुसरं काही धड वाचलेलं नाही. पण मावशीची इज्जत असते ना. झोपेतच ठोकून दिलं की अगं सोप्पंय, कॅशिअस डावीकडे, अँटनी उजवीकडे, ब्रूटस बिचारा मधे, झालं. फोन ठेवला आणि झोप उडाली ती उडालीच, कारण आपण पोरीला गाईडमधलं उत्तर दिलं हे मनातून कळत होतं.

संध्याकाळी माळ्यावरून कॉलेजची कॉपी काढली. पिवळी पडलीये, पाठीचा डिंक गेलाय, आणि कॅशिअस पहिल्यांदा तोंड उघडतो तिथेच मार्जिनमधे माझ्या अक्षरात पेन्सिलने 'व्हिलन' असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. एवढी खात्री कुठून यायची तेव्हा काय माहीत! बसले वाचत, रात्री दीड वाजला.

ज्यांना फक्त "ब्रूटस, तू सुद्धा?" एवढंच माहितीये त्यांच्यासाठी थोडक्यात. रोम, इसवीसनपूर्व ४४, सीझर आता राजाच होऊन बसतो की काय अशी भीती, म्हणून सिनेटमधलीच काही माणसं कट करतात आणि १५ मार्चला त्याला भोसकतात. ब्रूटस त्याचा लाडका, तरी तोही त्यात. मग सीझरचा मित्र अँटनी भाषण ठोकून सगळं शहर पेटवतो, युद्ध होतं, आणि कटवाले फिलिपायच्या लढाईत संपतात. शेक्सपिअरने हे लिहिलं १५९९ च्या सुमाराला, आणि कच्चा माल बहुतेक सगळा प्लुटार्क या जुन्या ग्रीक लेखकाच्या चरित्रांमधून उचललेला.

आता कॅशिअस, कटाचा सूत्रधार. हा माणूस कान भरतो यात वादच नाही. लुपर्कलचा सण चाललाय, लांबून गर्दीचा आरडाओरडा ऐकू येतोय, आणि हा ब्रूटसला कोपऱ्यात गाठून गोष्ट सांगतो. म्हणे एकदा थंडीवाऱ्याच्या दिवशी सीझरने मला पैज लावली, टायबर नदीत उडी मार, मी अंगावरच्या कपड्यांनिशी मारली, आणि पलीकडे पोचायच्या आधीच सीझर ओरडायला लागला की कॅशिअस वाचव, मी बुडतोय. मग स्पेनमधे ताप आला तेव्हा आजारी पोरीसारखा पाणी द्या पाणी द्या करत होता, आणि आज हा देव झालाय! लक्षात घ्या, यात सीझर जुलमी आहे असा एक शब्द नाही. सगळं दुखणं एवढंच की तो आमच्यासारखाच होता आणि आता आम्हाला त्याच्यापुढे वाकावं लागतंय. नोकरी केलेल्या प्रत्येकाने हे चहाच्या टपरीवर ऐकलेलं असतं, ज्याला मी काम शिकवलं तो आज माझा साहेब झालाय वगैरे.

आणि मग ती पत्रं. हे मी विसरलेच होते. कॅशिअस वेगवेगळ्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहून ब्रूटसच्या खिडकीतून आत टाकायचं ठरवतो, जणू गावातल्या वेगवेगळ्या लोकांनी पाठवल्यात, की ब्रूटसा तू झोपलायस, जागा हो. एक चिठ्ठी त्याच्या खुर्चीवर, एक त्याच्या पूर्वजाच्या पुतळ्याला मेणाने चिकटवून. म्हणजे चक्क फेक अकाउंट हो! एकच माणूस दहा नावांनी कमेंट टाकतोय आणि समोरच्याला वाटतंय की अख्खी पब्लिक आपल्या मागे आहे. गंमत म्हणजे प्लुटार्ककडे अशा चिठ्ठ्या खरोखर लोकच टाकतात. त्या खोट्या करून कॅशिअसच्या हातात दिल्या शेक्सपिअरने, म्हणजे मुद्दाम केलंय, ब्रूटसच्या पायाखाली नेमकी तिथे पोकळी ठेवलीये.

ब्रूटस गेल्यावर कॅशिअस एकटाच जे बोलतो ते मात्र मी तेव्हा नीट वाचलंच नव्हतं. तो म्हणतो की मी ब्रूटस असतो आणि तो कॅशिअस असता, तर त्याने मला असं घोळात घेतलं नसतं. मनाशी हिशोब पक्का आहे, मी काय करतोय, कोणाला करतोय, आणि तो माझ्यापेक्षा चांगला आहे. म्हटलं हो की, हाच तो व्हिलन, पेन्सिलच्या रेघा बरोबर आहेत.

पण पुढे वाचत गेले तर विचित्रच व्हायला लागलं. हा एवढा पाताळयंत्री माणूस त्यानंतर ब्रूटसशी एकही वाद जिंकत नाही. कॅशिअस म्हणतो सगळ्यांनी शपथ घेऊ, ब्रूटस म्हणतो नको, आपण रोमन आहोत, शब्द पुरे. कॅशिअस म्हणतो सिसेरोला, त्या नावाजलेल्या वक्त्याला, कटात घेऊ, ब्रूटस म्हणतो नको, संपला विषय. म्हणतो सीझरबरोबर अँटनीलाही उडवू नाहीतर महागात पडेल, त्यावर ब्रूटस की आपण बळी देणारे आहोत, खाटीक नाही. अँटनीला भाषण करू देऊ नकोस म्हणून कॅशिअस कानात सांगतो, तर ब्रूटस म्हणतो काळजी नको, आधी मी बोलतो ना. शेवटी फिलिपायला चालून जाऊ नये, शत्रूलाच आपल्याकडे येऊ दे, दमू दे, हेही कॅशिअसच सांगतो आणि तेही ब्रूटस खोडून काढतो. शपथ आणि सिसेरो सोडा, बाकी मोठ्या तिन्ही ठिकाणी कॅशिअस बरोबर होता आणि तिन्ही ठिकाणी त्याने मान तुकवली. ज्याला समोरच्याला हवं तसं वाकवता येतं तो असा का हरेल? मला तरी एकच कारण दिसतं, ज्याला फशी पाडलं त्याच्यावरच याचा जीव जडलाय, त्याच्या नजरेत चांगलं ठरणं याला सत्तेपेक्षा जास्त हवंय.

तंबूतलं भांडण वाचा ना. दोन मोठे सेनापती, आणि भांडतायत कसे, तर तू असं म्हणालास, मी नाही म्हणालो, तू म्हणालास. ब्रूटस त्याला म्हणतो तुझ्या हाताला खाज आहे, तू पैसे खातोस, आणि त्याच दमात म्हणतो की सैन्याच्या पगाराला पैसे मागितले तर दिले नाहीस, कारण मला गोरगरिबांना पिळून पैसे काढणं जमत नाही. म्हणजे साहेबांचे हात स्वच्छ, पिळायचं काम दुसऱ्याने करायचं आणि पाकीट यांना पोचवायचं, वा रे वा! (असा एक वरिष्ठ माझ्याही वाट्याला आला होता, त्याच्यावर कधीतरी वेगळी पोस्ट.) कॅशिअस शेवटी छाती उघडी करून खंजीर पुढे करतो, घे, सीझरला मारलंस तसं मलाही मार, पण तुझं माझ्यावर प्रेम नाही हे सहन होत नाही. नाटकी आहे, आहेच. पण मग ब्रूटस हळूच सांगतो की पोर्शिया गेली, त्याची बायको. त्यावर कॅशिअस जे म्हणतो ते वाचून मी कॉपी बाजूला ठेवली, पाणी प्यायले. तो म्हणतो, मी तुझ्याशी एवढा भांडलो, तरी तू मला मारलं कसं नाहीस?

त्या ओळीपाशी पेन्सिलची खूण नव्हती. मार्कांच्या कामाची नसणार.

खरा बेरकी माणूस बघायचा तर कटातलाच डेशिअस. दोनच मोठे प्रसंग आहेत त्याला. सीझर सिनेटला यायलाच तयार नसला तर, असं कोणीतरी विचारतं, तेव्हा हा म्हणतो ते माझ्यावर सोडा, मी त्याला सांगतो की तुम्हाला खुशामत अजिबात आवडत नाही, आणि तो म्हणतो बरोबर, नाहीच आवडत, आणि तेव्हाच तो सगळ्यात जास्त फुगलेला असतो. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच. सकाळी सीझरची बायको कॅल्पर्निया सांगतेय की मला स्वप्न पडलं, तुमच्या पुतळ्यातून रक्ताच्या धारा लागल्यात आणि लोक हसत हसत त्यात हात बुडवतायत, आज जाऊ नका. सीझर नाही जात म्हणतो. डेशिअस येतो, म्हणतो छे छे वहिनींनी अर्थच उलटा लावला (वहिनी माझ्या पदरचं हं), त्याचा अर्थ रोमला तुमच्या रक्ताने नवं जीवन मिळणार, आणि हो, आज सिनेट मुकुट देणारे, तुम्ही आला नाहीत तर लोक म्हणतील बायकोला चांगली स्वप्नं पडेपर्यंत सिनेट बंद ठेवा. झालं, सीझर अंगरखा मागवतो. कॅशिअसला जे साधायला दोन प्रसंग आणि चिठ्ठ्यांची थप्पी लागली ते डेशिअसने दोन मिनिटांत केलं, आणि मनाला कसली टोचणी नाही. आम्ही परीक्षेला याच्यावर एक ओळ लिहायचो नाही!

आता अँटनी, ज्याला मी झोपेत लॉयल म्हणून टाकलं. तो लॉयल नाही असं मी म्हणत नाहीये. सगळे निघून गेल्यावर प्रेताशी एकटा असताना तो जे बोलतो ते कोणाला दाखवायला नाही, तिथे श्रोता कोणी नाहीच, आणि ते दुःख खरं आहे. पण तासाभरात तेच दुःख तो चव्हाट्यावर आणून असं वापरतो की बस. "ब्रूटस सन्माननीय माणूस आहे" हे इतक्यांदा म्हणतो की तो शब्द शिवी होऊन बसतो. मग सीझरचा झगा उचलून दाखवतो, बघा इथून कॅशिअसचा खंजीर गेला, हे भोक कटातल्या कॅस्काचं, आणि इथे लाडक्या ब्रूटसने खुपसला. थांबा जरा. खुनाच्या वेळी कटातल्याच ट्रेबोनिअसने अँटनीला मुद्दाम बाहेर नेलं होतं, तो तिथे नव्हताच! कुठलं भोक कोणाचं हे त्याला कसं कळलं? नाहीच कळलं. पण गर्दीत एकालाही विचारावंसं वाटत नाही, आणि खरं सांगू, मलाही वीस वर्षं वाटलं नव्हतं. १९५३ च्या सिनेमात मार्लन ब्रँडो बोलता बोलता गळा दाटून आल्यासारखा गर्दीकडे पाठ फिरवतो आणि मग त्याचा चेहरा फक्त आपल्याला दिसतो, मागे लोक काय कुजबुजतायत ते कान देऊन ऐकणारा. दोन्ही एकाच चेहऱ्यावर.

आणि मृत्युपत्र. सीझरने प्रत्येक रोमन नागरिकाला ७५ द्राख्मा ठेवलेत, टायबरकाठच्या बागा ठेवल्यात, असं सांगून लोकांना रडवतो आणि पेटवतो. ते लोक मग सिना नावाच्या एका कवीला फाडतात, कारण कटात एक सिना होता. अरे मी तो नव्हे, मी कवी सिना, असं तो ओरडतोय, तर म्हणतात मग वाईट कवितांसाठी फाडा. पुढच्याच प्रवेशात अँटनी आणि त्याचे सत्तेतले जोडीदार ऑक्टेव्हिअस आणि लेपिडस टेबलाशी बसून कोणाला मारायचं त्या नावांवर खुणा करतायत, लेपिडसचा सख्खा भाऊ जाऊ दे, बदल्यात अँटनीचा भाचा जाऊ दे, भाजी घेतल्यासारखं. आणि मग अँटनी लेपिडसला सांगतो, जा सीझरच्या घरून ते मृत्युपत्र घेऊन ये, त्यातली देणी कुठे कमी करता येतील बघू.

तेच मृत्युपत्र! ज्याच्यावर ढसाढसा रडवलं तेच. लेपिडस दाराबाहेर जातो न जातो तोच अँटनी म्हणतो हा निरोप्या माणूस आहे, गाढवावर सोनं लादतात तसं ओझं याच्यावर लादायचं आणि काम झालं की कान हलवत चरायला सोडून द्यायचं. हा आमचा लॉयल कॉलम.

ब्रूटसला कोणी फसवलं म्हणण्यापेक्षा तो स्वतःच स्वतःला पटवत होता असं मला आता वाटतं. बागेत रात्री एकटा असताना त्याचं पहिलं वाक्यच "त्याला मरावंच लागेल" हे आहे आणि कारणं त्यानंतर शोधतो, सीझरने अजून तसं काही केलेलं नाही हे कबूल करून, मग सापाच्या अंड्याची उपमा, की फुटायच्या आत मारलं पाहिजे. चिठ्ठी हातात पडते ती हे सगळं झाल्यावर.

मग खाल्ल्या मिठाला जागणारे कोण, तर ज्यांची नावं कोणाला आठवत नाहीत ते. ब्रूटसच्या बाजूचा ल्युसिलिअस रणांगणावर "मीच ब्रूटस" म्हणून स्वतः पकडला जातो, म्हणजे खऱ्याला निसटता येईल. कॅशिअसचा मित्र टिटिनिअस परत येतो तर कॅशिअस मेलेला, तोही का, तर टेकडीवरून त्याच्या गुलामाने, पिंडारसने, लांबून बघून सांगितलं की टिटिनिअसला घेरलंय, पकडलं, आणि कॅशिअसची नजर आधीच अधू, त्याने ते खरं मानलं आणि पिंडारसकडूनच स्वतःला मारून घेतलं. प्रत्यक्षात ते घेरणारे मित्रच होते, विजयाची माळ द्यायला आलेले. आयुष्यभर लोकांना खोट्या गोष्टी दाखवणारा माणूस चुकीचं बघितल्यामुळे गेला. टिटिनिअस ती माळ त्याच्या डोक्यावर ठेवतो आणि त्याच्याच तलवारीने जीव देतो. ज्याला मी व्हिलन लिहिलं त्याच्यासाठी हो.

शेवटी ब्रूटस तिघांना विचारतो मला मारा म्हणून, तिघंही नाही म्हणतात. आणि मग म्हणतो की आयुष्यात मला एकही माणूस असा भेटला नाही जो माझ्याशी खोटा वागला, याचा मला आनंद आहे. खिडकीतून आलेल्या चिठ्ठ्या कोणाच्या अक्षरात होत्या हे त्याला शेवटपर्यंत कळलेलं नाही. आणि ते न कळू दिलंय कॅशिअसने, एवढं कडाक्याचं भांडण झालं तरी रागाच्या भरातसुद्धा त्याच्या तोंडून निघालं नाही. आता हे कुठल्या कॉलममधे टाकू? मग स्ट्रेटो म्हणून एक नोकर तलवार धरतो, पण आधी म्हणतो, तुमचा हात द्या.

सोमवारी सकाळी सातला भाचीला फोन लावला, हे सगळं धाडधाड सांगितलं, की अगं ते कॉलम खोडून टाक, अँटनीचं बदल, स्ट्रेटोला तरी उजवीकडे घाल. ती दप्तर भरत होती, मागे ताई डब्यावरून ओरडत होती. म्हणाली, "मावशी, पण ब्रूटस मेल्यावर लगेच ऑक्टेव्हिअस विचारतो माझ्याकडे येतोस का, तर तो स्ट्रेटो हो म्हणतो ना, मग?"

म्हटलं रिक्षा चुकेल, पळ.