पाणी आधी, मासे नंतर : आमची वाटचाल

पुण्यात शोभेच्या माशांचं दुकान काढलं तेव्हा आम्ही दोघं होतो, मी आणि माझा भागीदार. त्याच्यासारखी काच कापणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. बोहरी आळीतून आणलेला कटर तो आधी रॉकेलमध्ये बुडवायचा, पट्टी दाबून धरायचा आणि एका दमात रेघ ओढायचा. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा कटर फिरवला की काच वाकडी तुटते आणि कटरचं चाकही जातं, हे त्यानेच मला शिकवलं. सिलिकॉन भरून झालं की बोट ओलं करून कोपऱ्यातून फिरवायचा. व्हिनेगरसारखा तो उग्र वास दुकानात दोन दिवस राहायचा आणि तोवर टाकीत पाण्याचा थेंब घालायला बंदी होती. पाच मिलिमीटर काचेच्या त्या दोन फुटी टाक्या आजही सहकारनगर, पर्वती भागात घरोघरी आहेत. एकही गळलेली माझ्या कानावर नाही.

मासे आणायचं काम माझ्याकडे. सकाळी सिंहगड एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, क्रॉफर्ड मार्केटमधून माल उचलायचा आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात घालून संध्याकाळच्या डेक्कन क्वीनने परत यायचं. अशी बरीच वर्षं गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

फाटलं ते एकाच मुद्द्यावर. टाकी लावल्यावर चार ते सहा आठवडे मासे द्यायचे नाहीत, हा माझा नियम. माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो आणि थोडासा अमोनियासुद्धा माशांचे कल्ले जाळतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि ते झाडं खातात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर हळूहळू वस्ती करतात. पैसे टाकून ती वस्ती एका दिवसात उभी राहत नाही. भागीदार म्हणाला, ‘गिऱ्हाईक महिनाभर रिकामी टाकी बघत बसणार आहे का?’ मी म्हटलं, रिकामी कुठे, झाडं आहेत ना. त्याला पटलं नाही.

तो गेला आणि आमच्याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून, त्याने स्वतःचं थाटलं. पाटी लावली : ‘आजच टाकी, आजच मासे’. टाकी, लाल खडी, प्लॅस्टिकची झाडं आणि चार गोल्डफिश, सगळं एका भावात. आमच्याकडे शनिवार-रविवार शुकशुकाट. पंधरा दिवसांनी तीच माणसं बिसलेरीच्या बाटलीत पाणी घेऊन माझ्याकडे यायची, ‘मासे मरताहेत हो, बघा जरा.’ अमोनिया तपासायच्या किटमधले थेंब टाकले की पिवळं राहायला हवं ते पाणी गडद हिरवं व्हायचं, म्हणजे अमोनिया भरलेला. पाणी तपासायचे मी कधी पैसे घेतले नाहीत. पण मेलेल्या माशांचं खापर ‘हा धंदाच फसवा’ म्हणून माझ्या डोक्यावर फुटायचं, ते अजून सलतं.

पहिलीच झाडांची टाकी लावणाऱ्यांना सांगतो. दोन फूट बाय एक बाय एक घ्या, साधारण पंचावन्न लिटर पाणी बसतं. लहान टाकी सांभाळायला सोपी असं वाटतं, पण तिचं पाणी लवकर बिघडतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला हायपो घालाच. बोअरचं पाणी जड असतं, त्यात व्हॅलिस्नेरिया मजेत वाढते. जावा फर्न आणि अनुबियासचा जाड कंद वाळूत पुरू नका, कुजतो. दोऱ्याने लाकडाला बांधा. क्रिप्टची (क्रिप्टोकोरीन या झाडाची) पानं पहिल्या आठवड्यात विरघळली तर उपटून फेकू नका, मुळातून नवी फुटतात. लाइट सहा तास पुरे, जास्त ठेवलात तर शेवाळं माजतं. गोल्डफिश झाडांच्या टाकीत नको, सगळं उकरून ठेवतात. आणि साताऱ्याजवळच्या कास पठारावरून वायतुरा आणून द्या असं कुणी म्हणालं तर मी सरळ नाही म्हणतो. ते झाड आपल्या सह्याद्रीचं आहे, तिथल्या डबक्यातच राहू दे.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढा फुटून वाहिला. अरण्येश्वरला काय झालं ते पुण्याला ठाऊक आहे. आमच्या दुकानात कमरेएवढं पाणी होतं. खालच्या दोन रांगांतल्या टाक्यांत गाळ भरला. वरच्या वाचल्या, पण वीज नव्हती. पंप बंद पडला की स्पंजमधले जिवाणू ऑक्सिजनवाचून काही तासांत मरायला लागतात. तिसऱ्या दिवशी वीज आली तेव्हा सगळे फिल्टर कुजका वास मारत होते. शून्यापासून सुरुवात करायची तर दीड महिना विक्री बंद, भाडं मात्र चालू. शटर कायमचं ओढायचं असं मी घरी बोलूनही टाकलं होतं.

त्या दुपारी आमचे सर आले. निवृत्त शिक्षक, आमचं पहिलं गिऱ्हाईक. हातात स्टीलचा डबा. झाकण काढलं तर आत टाकीच्याच पाण्यात बुडवलेला काळपट, बुळबुळीत स्पंज. ‘नळाखाली धरला नाही हं, तूच सांगितलं होतंस,’ म्हणाले. त्यांची टाकी लावली तेव्हा मी माझ्या फिल्टरमधला अर्धा स्पंज कापून त्यांना दिला होता. तीच वस्ती त्यांच्या घरी इतकी वर्षं जगली होती. तो मी नव्या पाण्यात पिळला, पाणी तपकिरी झालं. त्यातून एक टाकी उभी राहिली, तिच्या स्पंजातून दुसरी, मग तिसरी. बाराव्या दिवशी किटमधलं पाणी पिवळं दिसलं आणि मी सरांना फोन केला.

सरांचा तो स्पंज आजही गल्ल्याशेजारच्या टाकीत आहे. पुरात भागीदाराचंही दुकान बुडालं होतं. नंतर एकदा त्याच्याकडचा पोरगा आला, ‘शेठनी जुना स्पंज मागितलाय.’ मी अर्धा कापला, पिशवीत पाण्यासकट बांधून दिला. त्याने स्वतः यायला हवं होतं.