रेडिओग्राफर होताना बॅजच्या रिपोर्टात अडकलेले पाच महिने

रेडिओग्राफी शिकणाऱ्या, विशेषतः इंटर्नशिप सुरू असलेल्या पोरापोरींसाठी हे लिहिते आहे. ॲडमिशन, होस्टेल, परीक्षा हे सगळं माझं सरळ पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मी अडकले ते अगदी शेवटी, एका आकड्यापाशी. १२.६० मिलिसिव्हर्ट, म्हणजे अंगावर पडलेल्या किरणांच्या डोसचं माप. त्या आकड्याने माझे पाच महिने खाल्ले. त्यातले निदान चार तरी वाचले असते, याचा राग अजून गेलेला नाही.

आमचं गाव घाटंजी तालुक्यात. पाच एकर कोरडवाहू, परहाटी आणि तूर. बारावीला बायोलॉजी होतं, मार्क बरे होते, म्हणून नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या बीपीएमटीला, म्हणजे पॅरामेडिकलच्या पदवीला, रेडिओग्राफी घेतली. घरात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "फोटो काढाले तीन वर्सं शिकाव लागते काय वं?" तिला तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता येतं.

छातीच्या एक्स-रेचंच घ्या. पेशंटला स्टँडकडे तोंड करून उभं करायचं, ट्यूब मागून सहा फुटांवर. हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असतं, ते स्टँडमधल्या, फोटो टिपणाऱ्या डिटेक्टरच्या जवळ राहिलं की फोटोत उगाच मोठं दिसत नाही. खांदे पुढे लोटायचे, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. मग "श्वास घ्या, धरून ठेवा." हे वाक्य मी पहिले दोन महिने पुस्तकातल्यासारखं बोलायचे आणि अर्धे पेशंट नेमके एक्स्पोजरच्या वेळी श्वास सोडायचे. मग मी "जोरात दम घ्या अन् दाबून धरा" म्हणायला लागले. त्यानंतर फोटो परत काढायची वेळ क्वचित आली. मारेगावकडची एक म्हातारी गळ्यातलं डोरलं काढायला कबूल होईना. "मालक हायेत अजून," म्हणाली. मी ते वर उचलून तिच्या दातांत धरायला दिलं. फुप्फुसावर मण्यांची सावली पडली नाही आणि तिचं मनही राहिलं. हे कोणत्याही वर्गात शिकवलं नव्हतं. आमच्या विभागातल्या सिनियर टेक्निशियनकडे बघून शिकले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका पुढेही येतील.

आता बॅजकडे येते. इंटर्नशिपला लागल्यावर प्रत्येकाला टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बॅज, मिळाला. आगपेटीपेक्षा थोडा मोठा प्लास्टिकचा डबा, आत कार्ड, कार्डात तीन चकत्या. चकत्या कॅल्शियम सल्फेटच्या, त्यात डिस्प्रोशियम मिसळलेलं. एका चकतीवर धातूचा फिल्टर, दुसरीवर प्लास्टिकचा, तिसरी उघडी. किरण पडले की चकती ती ऊर्जा साठवून ठेवते. दर तीन महिन्यांनी बॅज लॅबला जातात. तिथे चकती तापवली की ती प्रकाश देते, आणि त्या प्रकाशावरून डोस काढतात. बॅज छातीवर, लेड ॲप्रनच्या (किरण अडवणाऱ्या शिशाच्या ॲप्रनच्या) आत लावायचा असतो. आम्ही सगळ्या जणी तो ॲप्रनलाच चिमटून ठेवायचो. ॲप्रन घातला की बॅज आला, वेगळं लक्षात ठेवायला नको. चूक इथे झाली आणि ती माझी होती, हे स्पष्ट लिहिते.

त्या दिवाळीत मी नऊ दिवस गावी गेले. कापसाची वेचणी सुरू होती, वेचायला बाया मिळत नव्हत्या, आईला एकटीला आवरत नव्हतं. रजेचा अर्ज दिला आणि निघाले. माझा ॲप्रन एक्स-रे रूममधल्या खुंटीवर होता आणि बॅज त्याला चिमटलेला. ती खुंटी चेस्ट स्टँडला अगदी लागून. म्हणजे मी वावरात कापूस वेचत होते आणि तिकडे माझा बॅज दिवसभर छातीचे एक्स-रे झेलत होता. बॅजला फक्त किरण मोजता येतात, तो कुणाच्या अंगावर आहे हे त्याला कळत नाही.

परत आले, बॅज घातला, कामाला लागले. मनात काहीच आलं नाही.

मार्च संपता संपता इंटर्नशिप संपली. कम्प्लिशन सर्टिफिकेट घ्यायला आस्थापना विभागात गेले तेव्हा बाबू म्हणाले, "मॅडम, तुमचं रेडिएशनचं प्रकरण आहे. ते क्लोज झाल्याशिवाय सर्टिफिकेट निघत नाही." मला वाटलं दुसऱ्या कुणाचं नाव असेल. त्यांनी फाइल उघडून दाखवली. ऑक्टोबर ते डिसेंबरचा रिपोर्ट. बाकी सगळ्यांच्या नावापुढे शून्याच्या आसपास आकडे आणि माझ्या नावापुढे १२.६०. त्याला चौकशीचं पत्र आणि मी भरून द्यायचा निवेदनाचा कोरा फॉर्म जोडलेला. पत्र येऊन सहा आठवडे झाले होते. त्या सहा आठवड्यांत मी रोज त्याच इमारतीत, दोन मजले खाली, ड्युटी करत होते. एका माणसाने खाली येऊन सांगितलं नाही.

"क्लोज कोण करतं?" विचारलं. आरएसओ, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर. आणि आरएसओ सरांची बदली झालेली. नवीन सरांच्या नियुक्तीला मंजुरी यायची होती. "पुढच्या सोमवारी या."

असे किती सोमवार गेले सांगू? सकाळी सहाची बस, घाटंजीहून यवतमाळ, तिथून पुढे. एप्रिल-मे मधलं विदर्भाचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. कधी बाबू मीटिंगला, कधी सही करणारे साहेब रजेवर, कधी फाइल दुसऱ्या टेबलवर. एकदा तर म्हणाले, "लिहून द्या ना, कारण माहीत नाही म्हणून. विषय संपून जाईल." मी पेन उघडलंसुद्धा. बसचे पैसे, बाबांचा चेहरा, हे सगळं डोक्यात होतं.

लिहिण्याआधी काकांना विचारायला खाली गेले, ते बरं केलं. काका जरा आवाज चढवूनच बोलले. "माहीत नाही लिहिलंस तर तो डोस खरा धरतील. तुझा टीएलडीचा नंबर नोकरीभर एकच राहणार. जिथे जाशील तिथे हा आकडा तुझ्याबरोबर येईल." मग त्यांनी कपाटातून त्या महिन्यांचं एक्स-रे रजिस्टर काढलं. जाड, कोपरे दुमडलेलं. प्रत्येक ओळीत एक्स-रे नंबर, पेशंटचं नाव, वय, कोणता भाग, आणि शेवटी काढणाऱ्याची सही. त्या नऊ दिवसांची पानं आम्ही एकेक करून बघितली. माझी सही एकदाही नव्हती. आणि चेस्ट, चेस्ट, चेस्ट अशा ओळीच्या ओळी. दहाव्या दिवशी पुन्हा माझी सही सुरू. तेव्हा कुठे मला दिवाळी आठवली, खुंटी आठवली.

दरम्यान गावात वेगळंच सुरू होतं. पोरगी शिकून आली, पण कागद नाही, नोकरी नाही, काहून? कुणीतरी "रेडिएशन लागलं" एवढंच ऐकलं आणि ते फिरलं. पाहण्याचा एक कार्यक्रम ठरला होता, तिकडून फोन आला की पोरीची तब्येत कशी आहे, पुढे मुलंबाळं होतील ना. आई दोन दिवस जेवली नाही. तिला मी काय सांगणार? ऑफिसातल्या कुणी मलाच सांगितलं नव्हतं की या आकड्याचा अर्थ काय.

तो अर्थ जूनमध्ये कळला, नवीन आरएसओ सर रुजू झाल्यावर. किरणांत काम करणाऱ्यांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही. म्हणजे १२.६० खरोखर माझ्या अंगावर पडले असते तरी ते वर्षाच्या मर्यादेच्या आत होते. चौकशी झाली कारण तीन महिन्यांत एवढा आकडा साध्या एक्स-रे रूममध्ये येऊच नये. तो आला म्हणजे काहीतरी चुकतंय, आणि ते शोधायलाच हवं. चौकशी शिक्षा म्हणून नव्हती. हे पाच वाक्यांत सांगता येतं. एप्रिलमध्ये कुणी सांगितलं असतं तर आई जेवली असती.

सरांनी काम एका दिवसात केलं. टेप घेऊन स्वतः खुंटीपासून स्टँडचं अंतर मोजलं, ४० सेंटिमीटर. मी निवेदन लिहिलं: रजेच्या तारखा, बॅज कुठे होता, ॲप्रनला का लावला होता, सगळं खरं. सोबत रजेच्या अर्जाची, हजेरीपटाची आणि रजिस्टरच्या पानांची झेरॉक्स जोडली, पेशंटची नावं झाकून. सरांचा अभिप्राय लागला आणि पत्र गेलं. नंतर उत्तर आलं की हा डोस माझ्या अंगावरचा धरलेला नाही. सर्टिफिकेट पोळ्याच्या आदल्या दिवशी हातात पडलं. बाबा बैल धुवत होते, हात ओले होते, म्हणून त्यांनी ते हातात घेतलं नाही. मी समोर धरलं आणि त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

पुढे महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेची नोंदणी झाली, त्यात काही अडलं नाही. नोंदणीशिवाय कामाला लागू नका, कुणी कितीही म्हणालं तरी.

आठवतं तसं अजून थोडं लिहिते. ऑफिसात कोणताही कागद द्याल तर आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. मी पहिला अर्ज पोच न घेता दिला आणि तो मिळालाच नाही. बॅज शर्टाला लावा, ॲप्रनला नको. स्वतःचा एक्स-रे काढायची वेळ आली तर बॅज काढून ठेवा, तो कामावरचा डोस मोजायला आहे. दुसऱ्याचा बॅज कधी घालू नका. दर तिमाहीचा रिपोर्ट स्वतः जाऊन बघा, कुणी आणून देईल याची वाट बघू नका. ती माझी सर्वांत मोठी चूक. आणि इंटर्नशिप किंवा नोकरी सोडताना आपल्या डोसच्या नोंदीची प्रत मागून घ्या, पुढच्या ठिकाणी लागते.

पोरींनो, आणखी एक. बाई पेशंट असली की पाळीची तारीख विचारायची लाज धरू नका. सासू सोबत असेल तर तिला बाहेर बसवून विचारा. मी एकदा तसंच विचारलं आणि नवीनच लग्न झालेल्या पोरीने मान खाली घालून सांगितलं की दोन महिने झाले. कंबरेचा एक्स-रे होता. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी तो थांबवला.

आता मी तालुक्याच्या ठिकाणी काम करते. इथेही ॲप्रनची खुंटी स्टँडच्या बाजूलाच होती. रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून ती कन्सोलच्या बाजूला, आडोशाच्या मागे ठोकून घेतली. बॅजसाठी रूमच्या बाहेर वेगळी फळी केली. कंट्रोल बॅज, म्हणजे कुणीच न घालता तुलनेसाठी ठेवलेला बॅज, तिथेच असतो आणि ड्युटी संपली की आमचे सगळ्यांचे बॅज त्याच्या शेजारी ठेवतो. या तिमाहीचा रिपोर्ट मागच्या आठवड्यात आला. मी तो स्वतः आवक टेबलवरून घेऊन आले.